कोकणासाठी कागदावरचं एक डिझेल

रेल्वेवेड्यांचा एक जुना खेळ आहे. जे इंजिन कधी बनलंच नाही, ते कागदावर बनवायचं. कुणी अमेरिकेतल्या 'ई' मालिकेला आणखी एक भावंड देतं, कुणी ब्रिटिश 'डेल्टिक'चा थोरला भाऊ काढतं, आणि आपल्याकडची पोरं वहीच्या शेवटच्या पानावर टोकदार नाकाची धुडं रंगवून त्यांना डब्ल्यूडीपी-७, डब्ल्यूडीपी-८ अशी नावं देतात. खेळ वाटतो तितका पोरकट नाही. कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसातही हेच चालतं. फरक एवढाच की तिथे रेघ ओढली की लगेच तिचं वजन मोजावं लागतं.

इथे तोच खेळ वजन मोजत खेळू. जागा कोकण रेल्वेची. काळ विजेची तार येण्यापूर्वीचा, कारण १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाल्यापासून २०२२ पर्यंत तिथे डिझेलचंच राज्य होतं. काम असं, की एलएचबी प्रकारच्या २२ डब्यांची भरलेली गाडी मुंबईहून मडगावला न्यायची आणि परत आणायची. गोंधळ नको म्हणून गाडी ओढणाऱ्या सबंध धुडाला लोको म्हणू आणि त्याच्या पोटात बसवलेल्या यंत्राला इंजिन.

वहीवाली पोरं नाकापासून सुरुवात करतात, तिथेच फसतात. सुरुवात गाडीपासून करायची असते.

भरलेला डबा ५० टनांचा धरला तर २२ डबे ११०० टन. लोको सव्वाशे टनांचा धरू. एकूण १२२५ टन. कोकण रेल्वे बांधताना चढ १५० ला १ याहून कडक ठेवायचा नाही असं ठरलं होतं, म्हणजे १५० मीटर पुढे गेलं की जास्तीत जास्त १ मीटर वर. दिसायला हा चढ काहीच नाही, सायकलवाल्याला तो धड जाणवणारही नाही. पण १२२५ ला १५० ने भागा. नुसती गाडी मागे घसरू नये म्हणून ८ टनांहून अधिक जोर सतत लावावा लागतो. त्यात चाकांचा, बेअरिंगचा आणि हवेचा विरोध मिळवायचा. ताशी ७५-८० किलोमीटरला तो ढोबळ मानाने पावणेपाच टन होतो. बेरीज १३ टनांच्या आसपास.

जोर गुणिले वेग म्हणजे शक्ती. १३ टनांचा जोर ताशी ७८ किलोमीटरने लावायचा तर रुळावर सुमारे ३७०० अश्वशक्ती पोचायला हवी. पंखे, कॉम्प्रेसर, जनित्र, मोटरी यांत वाटेतच गळती होते. ती धरली की पोटातलं इंजिन साधारण ४५०० अश्वशक्तीचं लागतं. हा आकडा मनातून काढलेला नाही. वाराणसीच्या कारखान्यात बनलेले डब्ल्यूडीपी-४बी आणि ४डी हे लोको नेमके ४५०० अश्वशक्तीचेच आहेत. बनवणाऱ्यांनीही कुठेतरी असाच भागाकार केलेला असणार.

आता इंजिनाची ही शक्ती चाकांपर्यंत न्यायची कशी? नवख्या खेळाडूला हा प्रश्न सुचतच नाही, आणि त्याचं धड उत्तर न सापडल्याची किंमत खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी मोजली आहे. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या सुल्झर कारखान्याने त्यांच्या सहभागाने १९१२ मध्ये एक लोको रुळावर आणला. त्यात इंजिन सरळ चाकांना जोडलेलं होतं. मध्ये ना क्लच, ना गिअर. वाफेच्या लोकोत हे चालतं, कारण वाफेचा दट्ट्या चाक जागेवर उभं असतानाही पूर्ण ताकदीने ढकलतो. डिझेल इंजिनाला मात्र फिरत असल्याशिवाय जोरच नसतो. चाक उभं, म्हणून इंजिन उभं, म्हणून जोर शून्य, म्हणून चाक उभंच. तिढा सोडवायला त्यांनी दाबाखालची हवा सिलिंडरांत सोडून गाडी हलवायची आणि वेग आला की मगच डिझेल पेटवायचं असं योजलं. लोको चालला, पण व्यवहारात टिकला नाही. मग मध्ये काहीतरी घालायचं ठरलं, आणि ते काहीतरी काय असावं यावर पुढची पन्नास वर्षं भांडणं झाली.

त्या भांडणातलं सगळ्यात अजब अपत्य म्हणजे ब्रिटनमधला १०१०० क्रमांकाचा लोको. लेफ्टनंट कर्नल फेल यांच्या कल्पनेवरून तो डर्बीत १९५० च्या सुमारास बांधला गेला. त्यात पाचपाचशे अश्वशक्तीची चार इंजिनं होती. वेग वाढेल तसं एकेक इंजिन डिफरन्शियल गिअरमधून कामाला जुंपायचं. या चौघांना हवा पुरवणारे ब्लोअर फिरवायला आणखी दोन छोटी इंजिनं. एका लोकोत सहा इंजिनं! कागदावर ही कल्पना विलक्षण देखणी आहे, आणि मला ती आजही मोहात पाडते. पण शेडमधल्या फिटरच्या बाजूने पाहा. एका गाडीमागे सहा इंजिनांचे सहा ताप, आणि सहांपैकी कुठलं बिघडलं ते शोधण्यात अर्धा दिवस. १९५८ मध्ये त्याला आग लागली आणि तो भंगारात गेला. जर्मनांनी १९५३ च्या व्ही-२०० मध्ये तेलाच्या जोरावर चालणारं हायड्रॉलिक प्रसारण वापरलं आणि ते चांगलं चालवूनही दाखवलं. तरी अखेर जगभर टिकलं ते तिसरंच: इंजिनाने जनित्र फिरवायचं, जनित्राने वीज बनवायची, विजेने चाकांजवळच्या मोटरी फिरवायच्या. म्हणजे डिझेल लोको हा खरं तर स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन धावणारा विद्युत लोकोच. आपणही तेच घेऊ. फक्त या पाठीवरच्या वीजघराचं वजन लक्षात ठेवू, पुढे ते अंगाशी येणार आहे.

आता चाकं किती, आणि त्यांतली किती फिरवायची? या खेळातला सगळ्यात रसाळ भाग हा, आणि त्याचं अस्सल उदाहरण आपल्याच देशात घडलेलं आहे.

पोलादी चाक पोलादी रुळावर कोरड्या दिवशी आपल्यावरच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश जोर लावू शकतं, तोही नियंत्रण उत्तम असेल तर. त्यापुढे ते जागच्या जागी गरगरतं. म्हणून मोटर असलेल्या अॅक्सलवर जितकं वजन, तितकी पकड. पण रूळ, स्लीपर आणि पूल एका अॅक्सलखाली ठरावीक भारच सोसतात. प्रवासी लोकोला आपल्याकडे तो साधारण २० टनांच्या आसपास ठेवतात. वजन हवं आणि वजन नको, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या.

२००१ मध्ये जनरल मोटर्सच्या आराखड्याचा डब्ल्यूडीपी-४ भारतात आला. ४००० अश्वशक्ती, ताशी १६० किलोमीटर. त्याला सहा अॅक्सल होते, पण मोटरी चारच. प्रत्येक बोगीत, म्हणजे लोकोखालच्या चाकांच्या चौकटीत, दोन अॅक्सल ओढणारे आणि एक नुसता भार वाहणारा. ऐकायला हे कंजूषपणाचं वाटतं, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. ताशी ११० किलोमीटरला ३३०० अश्वशक्ती रुळावर पोचली तर ओढ होते फक्त ८ टन. चार मोटरींखाली सुमारे ८० टन वजन असताना ८ टनांची ओढ म्हणजे त्या वजनाचा दहावा हिस्सा. वेगात धावणाऱ्या गाडीला पकड लागते कुठे? तिथे शक्ती कमी पडते. मग दोन मोटरींचं वजन आणि पैसा वाचवला तर बिघडलं काय?

बिघडतं ते गाडी थांबल्यावर. जुलैची रात्र घ्या. राजापूरच्या बाजूला धो धो पाऊस, रूळ ओले, त्यावर कापलेल्या डोंगरातून वाहून आलेल्या लाल मातीचा थर, आणि चढावरच सिग्नल लाल. सिग्नल पिवळा झाला, आता सुटायचं. चढाचे ८ टन आणि उभी गाडी हलवायचे ५ ते ६ टन, म्हणजे १३-१४ टन ओढ हवी. ओल्या, चिकट रुळावर पकड एक तृतीयांशावरून शेकडा पंधरावर आली असं धरलं, तर ८० टनांवर मिळतात १२ टन. लोको पायलट पहिला नॉच (शक्तीचा पहिला टप्पा) देतो, दुसरा देतो, चाक सटकतं, नियंत्रण शक्ती कापतं, वाळू सोडावी लागते, पुन्हा पहिला नॉच. शेवाळलेल्या पायरीवर पाय टेकावा तशी गत. सहाही अॅक्सलांना मोटरी असत्या तर सव्वाशे टनांवर १८ टनांहून जास्त ओढ मिळाली असती आणि गाडी निघाली असती.

हा प्रसंग मी कागदावर रचला आहे, पण डब्ल्यूडीपी-४ ची पकड अपुरी पडते ही तक्रार खरीखुरी होती. २०१० नंतर आलेल्या डब्ल्यूडीपी-४बी मध्ये सहाही अॅक्सलांना मोटरी दिल्या गेल्या आणि शक्ती ४५०० केली गेली. तेव्हा आपल्या कागदी लोकोला सहा अॅक्सल, सहा मोटरी. यावर वाद नको.

पण कुणीतरी विचारेलच, की ६००० अश्वशक्तीचं एकच इंजिन घालून ही सगळी मारामारी का संपवू नये? सोव्हिएत रशियाने घालून पाहिलं. कोलोम्ना कारखान्याने सत्तरच्या दशकात टीईपी-७५ नावाचा ६००० अश्वशक्तीचा प्रवासी लोको सहा अॅक्सलांवर बांधला, पण अॅक्सलवरचा भार फार झाला. मग त्यांनी आठ अॅक्सल दिले, चार-चार अॅक्सलांच्या दोन लांबलचक बोगी केल्या, आणि टीईपी-८० जन्मला. १८० टन भागिले ८, म्हणजे साडेबावीस टन. १९९३ च्या ऑक्टोबरात मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गच्या दरम्यानच्या एका सरळ पट्ट्यावर चाचणीत त्याने ताशी २७१ किलोमीटर गाठले. बनले फक्त दोन. देश मोडला, पैसा आटला. पण आपल्यासाठी अडचण रुळात आहे. चार अॅक्सलांची ताठ बोगी सरळ मार्गावर झकास धावते, वळणावर मात्र चाकाची कड रुळाला घासत जाते. रत्नागिरीच्या आसपासची वळणं पाहिलेला माणूस ती कोकणात आणायचं नाव काढणार नाही.

इंजिन निवडताना मन सगळ्यात जास्त भरकटतं, कारण इथे मोह पडावा अशी यंत्रं भरपूर आहेत. त्यांतलं एक थोडं थांबून पाहू.

ब्रिटिश नौदलाला वेगवान बोटींसाठी हलकं आणि ताकदवान डिझेल इंजिन हवं होतं. एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन दट्टे, असे सिलिंडर त्रिकोणाच्या तीन बाजूंना, आणि तिन्ही कोपऱ्यांवर एकेक क्रँकशाफ्ट, अशी रचना सुचली. झडपाच नकोत. एक दट्टा हवेचं भोक उघडतो, दुसरा धुराचं. पण धुराचा दट्टा जरा आधी हलायला हवा, आणि तिन्ही बाजूंना ते एकदम जुळेना. अखेर नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या पेनवर्डन नावाच्या ड्राफ्ट्समनने तोडगा काढला: तीनपैकी एक क्रँकशाफ्ट उलट दिशेने फिरवा. तेवढ्याने सगळं जुळलं. १८ सिलिंडर, ३६ दट्टे, तीन क्रँकशाफ्ट. नेपिअर कंपनीच्या या डेल्टिक इंजिनाची प्रत्येकी १६५० अश्वशक्तीची जोडी १९५५ च्या एका नमुना लोकोत बसली आणि १९६१-६२ मध्ये तसे २२ लोको ब्रिटिश रेल्वेसाठी बनले. ३३०० अश्वशक्ती, आणि वजन अवघं १०० टनांच्या घरात. लंडन ते एडिंबरा मार्गावर त्या २२ जणांनी वाफेच्या ५५ लोकोंची जागा घेतली.

मग आपल्या लोकोतही डेल्टिक का नाही? कारण ते इंजिन शेडमध्ये उघडून दुरुस्त करायचं नव्हतंच. बिघडलं की अख्खं उचलून काढायचं, तयार दुसरं बसवायचं, आणि काढलेलं दूर कारखान्यात पाठवायचं. म्हणजे धावणाऱ्या इंजिनांखेरीज जादा इंजिनांचा साठा, आणि नाजूक काम जाणणारे खास कारागीर. बावीस लोकोंच्या श्रीमंत ताफ्याला ते झेपलं, आणि १९८२ च्या सुरुवातीला तो ताफाही निवृत्त झाला. गोव्याच्या वाटेवर, खारट हवेत, इंजिन मिळेल त्या शेडला आणि मिळेल त्या फिटरला उघडता आलं पाहिजे.

उरतात दोन घराणी. एक मंदगती, जडशीळ. जनरल मोटर्सचं १६ सिलिंडरांचं ७१० इंजिन, जे आपल्या डब्ल्यूडीपी-४ घराण्यात आहे. नावातला ७१० हा एका सिलिंडरचं घनफळ घनइंचांत सांगतो, म्हणजे सोळांचं मिळून १८६ लिटर. ते मिनिटाला ९०० च्या आसपास फेरे घेतं. दुसरं घराणं चपळ. अमेरिकेत २०१७ पासून धावू लागलेल्या सीमेन्सच्या 'चार्जर' लोकोत कमिन्सचं ९५ लिटरचं इंजिन १८०० फेऱ्यांवर ४४०० अश्वशक्ती देतं. निम्म्या घनफळात जवळपास तेवढीच शक्ती, आणि वजन बरंच कमी. कागदावर दुसरं जिंकतं. मी तरी पहिलंच घेतो. आपल्या सहा अॅक्सलांना पकडीसाठी वजन हवंच आहे. हलकं इंजिन घेऊन वजन भरून काढायला पुढे लोखंडाच्या लाद्या टाकायच्या, यात कसली हुशारी? चपळ इंजिन चार अॅक्सलांच्या लोकोत शोभतं.

हवा कुठून घ्यायची, हा कोकणातला खास प्रश्न. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ताशी ७५ ने पाच मिनिटं लोको एका नळीत, आणि त्याचा तापलेला धूर छताला चिकटून सोबत. रेडिएटरला हवा वरून घेतली तर तो स्वतःचाच धूर पिऊन स्वतःला थंड करू पाहतो. हा ताप अमेरिकेत सदर्न पॅसिफिक रेल्वेने सिएरा नेवाडाच्या बोगद्यांत भोगला होता. त्यावर सत्तरच्या दशकात त्यांनी हवेची तोंडं छताजवळून काढून खाली, पायवाटेच्या उंचीवर आणलेले खास लोको घेतले. बोगद्यात जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात थंड असते, एवढंच त्यामागचं शास्त्र. त्यांना 'टनेल मोटर' असंच नाव पडलं. आपल्या लोकोला ही खालची तोंडं हवीतच. फक्त पावसाचं पाणी आणि उडणारी माती आत जाणार नाही अशा जाळ्या लागतील, आणि त्या साफ करायच्या म्हणून शेड आपल्याला शिव्या घालेल.

डब्यांतले दिवे, पंखे, वातानुकूलन यांना वीज कोण देणार? आपल्याकडे बरीच वर्षं गाडीच्या दोन टोकांना जनित्रांचे डबे जोडत, तेही डिझेलवर चालणारे. दोन डब्यांचं वजन ओढायचं, त्यांतून एकही प्रवासी जात नाही, आणि त्यांचा आवाज शेजारच्या डब्याला रात्रभर. लोकोमधूनच वीज दिली तर हे सगळं टळतं. अमेरिकेत १९७६ मध्ये आलेल्या एफ-४०पीएच लोकोने तसं केलं, पण विजेची वारंवारता कायम राखायची म्हणून इंजिन सतत ८९३ फेऱ्यांवर ठेवावं लागे. गाडी फलाटावर उभी असली तरी लोको पूर्ण आवाजात ओरडत राही. आज इन्व्हर्टरमुळे ती सक्ती उरलेली नाही. हिशेब मात्र सुटत नाही. डब्यांसाठी ५०० किलोवॅट काढले की ६७० अश्वशक्ती गेली. १५० ला १ च्या चढावर ७८ ने चढणारी गाडी ६७-६८ वर येते. डब्यातल्या प्रवाशाला थंड हवा मिळते आणि गाडी दहा किलोमीटरने मंदावते. मी वीज लोकोतूनच देईन. जनित्राचे डबे काढले की त्यांचं वजनही वाचतं, आणि त्या जागी माणसं बसतात.

नाकाची पाळी आत्ता आली. त्यातही आधी प्रश्न नाकाचा नाहीच, लोको पायलट कुठे बसणार याचा आहे. डब्ल्यूडीएम-२ पासून आपल्याकडे एका बाजूला केबिन आणि पुढे लांब हूड अशी रचना रुळली. लोको उलटा लागला की केबिन मागे जाते आणि पायलटला पंधराएक मीटर लांब पेटीच्या कडेने पुढचा मार्ग पाहावा लागतो. उजवीकडच्या वळणावर डावीकडे बसलेल्याला काही दिसत नाही, मग असिस्टंटने सिग्नल ओरडून सांगायचा. कापलेल्या डोंगरातली वळणं, वरून पाऊस, आणि ही अशी दृष्टी. डब्ल्यूडीपी-४डी ला दोन्ही टोकांना केबिन दिली, ते फार उशिरा सुचलेलं शहाणपण आहे असं माझं मत. आपल्या लोकोला दोन केबिन, त्यांना काचा मोठ्या, आणि खाली दरडीचा दगड झेलेल असा मजबूत लोखंडी नांगर.

टोकदारपणाचं म्हणाल तर ब्रिटिश रेल्वेच्या एचएसटी गाडीची गोष्ट सांगतो. केनेथ ग्रेंज या डिझायनरला त्या गाडीच्या फक्त रंगसंगतीचं काम दिलेलं होतं. त्यांना मूळचं तोंड आवडेना. त्यांनी कुणी सांगितलं नसताना आपल्या खर्चाने वायुबोगद्यात नमुने तपासून नवं तोंड काढलं आणि रंगाबरोबर तेही पुढे ठेवलं. ते मान्य झालं, आणि १९७६ पासून ताशी २०० किलोमीटरने धावू लागलेल्या गाडीची ओळखच बनलं. २०० ला हवेचा विरोध खरोखर मोठा असतो, तिथे नाक कामाचं. पावसाळी वेळापत्रकात ७५ ने आणि जोराच्या पावसात ४० ने धावणाऱ्या गाडीला टोकदार नाक ही शोभाच. कोकणचा मार्ग १६० साठी आखलेला आहे हे मान्य, पण ते १६० पुस्तकातच राहतात.

एचएसटीकडून खरी शिकण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. त्यात एक मोठा लोको नाही. दोन्ही टोकांना २२५० अश्वशक्तीची, ७० टनांची चार अॅक्सलांची एकेक पॉवर कार. बेरीज तीच, ४५०० अश्वशक्ती. पण अॅक्सलवर साडेसतरा टनच, आठही अॅक्सल ओढणारे, आणि टर्मिनसवर लोको सोडून दुसऱ्या टोकाला न्यायचा खटाटोप नाही. मात्र तिथे मागे डबे सात-आठ, तेही हलके. सगळी गाडी ४०० टनांच्या जवळपास, म्हणजे टनामागे ११ अश्वशक्ती. आपली १२२५ टनांची गाडी टनामागे पावणेचारच्या आत. या दोन आकड्यांत दोन देशांच्या रेल्वेचा सगळा स्वभाव आला: तिथे कमी माणसं लवकर, इथे जितकी मावतील तितकी, पोचतील तेव्हा. बारा डब्यांची दिवसाची गाडी असती तर मी डोळे मिटून दोन टोकांची रचना घेतली असती. २२ डब्यांना एकच दणकट लोको बरा.

तर आराखडा तयार झाला. सहा अॅक्सल, १२३ टन, १६ सिलिंडरांचं ४५०० अश्वशक्तीचं मंदगती इंजिन, खालून हवा घेणारे रेडिएटर, डब्यांना वीज, दोन केबिन, बोथट नाक, पोटाखाली ५००० लिटरची टाकी. पूर्ण शक्तीवर तासाला सुमारे ८०० लिटर लागतील, म्हणजे अखंड आठव्या नॉचवर सहा तास. प्रत्यक्षात पूर्ण शक्ती चढावरच लागते, तेव्हा परतीलाही पुरेल. टाकी रिकामी होता होता लोको चार टनांनी हलका होतो आणि पकडही तितकी घटते, ही बारीक गोष्ट.

आता याच्या शेजारी डब्ल्यूएपी-७ उभा करा. आपलाच विद्युत लोको. सहा अॅक्सल, सहा मोटरी, वजन तेच १२३ टन, शक्ती ६००० अश्वशक्तीहून जास्त, आणि डब्यांची वीज ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वेटोळ्यातून, ओढीला हात न लावता. ज्या चढावर आपलं डिझेल ७८ ने चढतं, तिथे हा ११० च्या जवळ जातो. वजन तेवढंच असताना हे कसं? त्याचं वीजघर पाठीवर नाही, कुठेतरी दूर जमिनीवर आहे. डिझेलवाला अठरा टनांचं इंजिन, जनित्र, टाकी, रेडिएटर वाहतो. कितीही हुशारीने रेघा ओढल्या तरी हा फरक पुसता येत नाही. तार कुठवर आली यावर सगळं ठरतं. वाराणसीच्या डिझेल कारखान्याने २०१८ मध्ये आपल्याच डिझेल लोकोंना विद्युत लोकोत बदलून दाखवलं, आणि २०२० मध्ये त्याच्या नावातला 'डिझेल' हा शब्दही गेला.

मग खेळात पुढची चाल कुठली? तारेखाली विजेवर, तार संपली की डिझेलवर. असा लोको कागदी नाही. न्यू जर्सीत एएलपी-४५डीपी नावाचे दुहेरी लोको धावतात. पोटात कॅटरपिलरची २१०० अश्वशक्तीची दोन चपळ इंजिनं, आणि शिवाय ट्रान्सफॉर्मर. वजन १३१ टन, अॅक्सल चार. म्हणजे एका अॅक्सलखाली पावणेतेहतीस टन. तिथले रूळ ते सोसतात, आपले नाहीत. सहा अॅक्सल द्यावेत तर भार पावणेबावीसवर येतो, पण दोन जादा मोटरी, दोन जादा अॅक्सल आणि लांबलेल्या बोगी मिळून आणखी दहा-बारा टन चढतात आणि भार पुन्हा तेविसाच्या वर जातो. एक इंजिन काढावं, तर तार नसलेल्या चढावर २१०० अश्वशक्तीत २२ डबे ताशी पन्नासनेही चढत नाहीत. पण तार फक्त शेवटच्या एखाद्या फाट्यावर नसेल आणि तिथे पन्नासहून कमी वेग चालणार असेल, तर तेवढं एक इंजिन पुरतं. वहीचं पुढचं पान तिथून सुरू करता येईल.